पुराआधीचा पैरा



गळीत हंगाम आटोपला. ऊसतोडणीच्या टोळ्या गावाकडे परतल्या, ट्रॉल्या शेडला लागल्या आणि कारखान्यात दुरुस्तीची कामे सुरू झाली. मृग निघायला अजून अवकाश आहे. नदीचे पात्र तळाला गेले आहे. अशा ऐन उन्हात महापुराची गोष्ट काढली, तर "ह्यांना चैतात पूर आठवला" असे कुणी म्हणेल. म्हणोत बापडे. पूर आल्यावर पुराविषयी बोलून काही हाती लागत नाही, हे आपण २००५ साली शिकलो, २०१९ साली शिकलो आणि २०२१ साली पुन्हा शिकलो. चौथ्या खेपेला तरी शहाणपण आधी सुचावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सांगायचे ते एकच आहे. संकटात एका गावाने दुसऱ्या गावाला, एका नगरपालिकेने दुसऱ्या नगरपालिकेला करायची मदत आयत्या वेळच्या दयेवर सोडू नये. ती आधी बोलून, ठराव करून, कागदावर घेऊन ठेवावी. आपल्या भाषेत सांगायचे, तर गावागावांनी पैरा ठरवावा.

पैरा म्हणजे काय, हे जुन्या माणसांना सांगायला नको. पण आता दावणीला बैलच राहिले नाहीत, तेव्हा तरुण सभासदांसाठी दोन शब्द. एकाकडे एक बैल, शेजाऱ्याकडेही एकच. दोघांनी मिळून औत जुंपायचे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. लागणीला, भांगलणीला माणसांचाही पैरा व्हायचा. इर्जिक वेगळी. इर्जिकीला गाव गोळा व्हायचे, काम उरकायचे आणि जेवून घरी जायचे. तिथे परतफेडीचा हिशेब नसे. पैऱ्यात हिशेब असे, आणि तो दोघांच्याही डोक्यात पक्का असे. तुझे दोन दिवस माझ्याकडे झाले, माझे दोन दिवस तुझ्याकडे राहिले. त्यामुळे पैऱ्याला बोलावताना कुणाला ओशाळे वाटत नसे, आणि येणारा उपकार केल्यासारखा येत नसे.

आज महापुरात गावे एकमेकांना जी मदत करतात ती फार तर इर्जिक असते. मन मोठे असते यात शंका नाही. पण कोण येणार, काय घेऊन येणार, डिझेल कुणाचे, आणि पुढच्या वेळी येणार की नाही, यातले काहीच ठरलेले नसते.

शेजारीच बुडालेला असतो

ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. २००५ च्या पुराची खूण ज्यांनी घराच्या भिंतीवर करून ठेवली होती, त्यांची ती खूणच पाण्याखाली गेली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट; तिथे पाणी ५५ फुटांच्या पुढे चढले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला आणि पेट्रोल-डिझेलचे टँकर, मालाच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचे पाणी एकदम पसरले.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घराला आग लागली तर शेजारी बादली घेऊन धावतो, कारण त्याचे घर पेटलेले नसते. महापुराचे तसे नाही. महापुरात शेजारचे गावही त्याच दिवशी, त्याच पाण्यात बुडालेले असते.

आमच्याच गावची गोष्ट सांगतो. पाणी चढायच्या तिसऱ्या दिवशी वरच्या गावच्या सरपंचांना मी फोन केला. म्हटले, "आबा, तुमची होडी दोन तास द्या. वस्तीवर पंधरा माणसं अडकल्यात."

ते म्हणाले, "तात्या, दिली असती की. पण आमच्याच मळ्यात चाळीस माणसं हायती. होडी गावाभाईर सोडली, तर माझंच गाव माझ्यावर धावून येईल."

आबांचे काही चुकले नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो. शेवटी आमच्या पोरांनी गुऱ्हाळाची जुनी काहील बाहेर काढली आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात माणसे काढत तशी माणसे काढली. देवाच्या कृपेने सगळी सुखरूप निघाली. पण दर वेळी देवावर भार टाकायचा का?

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे नेणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. बोटीत तिला पेलतील त्यापेक्षा जास्त माणसे होती. घरात कोरड्या अंगाने बसून चढणाऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण पाणी वाढते आहे, पुढची फेरी होईल की नाही याचा भरवसा नाही, कडेवर लेकरू आहे, अशा वेळी काठावर मागे कोण राहील? मागून दुसरी बोट येणार आहे अशी खात्री असेल, तरच माणूस थांबतो. ती खात्री त्या दिवशी तयार करता येत नाही. ती चार महिने आधी तयार करावी लागते.

सोयरिकीवर आलेली मदत

पाणी ओसरल्यावर खरी परीक्षा सुरू होते. घराघरांत मांडीएवढा गाळ, गोठ्यात मेलेली जनावरे, पिण्याची विहीर घाण, शाळेत दप्तरांचा लगदा. उसाच्या पोंग्यात गाळ बसलेला, शेंड्यापर्यंत बुडालेला ऊस उभ्या जागी कुजायला लागलेला. त्या दिवसांत मदतीच्या गाड्या पुष्कळ आल्या. देणाऱ्यांचे उपकार आपण विसरणार नाही. पण रस्त्याकडेच्या गावांत बिस्किटांचे आणि जुन्या कपड्यांचे ढीग लागले, तर आतल्या वाड्यावस्त्यांवर फावडे धरायला माणूस मिळेना. लोकांना हवा होता जेसीबी, पाण्याचा पंप, झाडू, जंतुनाशक पावडर आणि चार दिवस राबणारे हात.

आमच्या गावाला ते हात मिळाले. माळाकडच्या, दुष्काळी भागातल्या एका गावाहून सात ट्रॅक्टर, दोन जेसीबी आणि चाळीस-पन्नास माणसे आली. भाकरीसुद्धा बांधून घेऊन आली. चार दिवसांत त्यांनी निम्मे गाव धुऊन काढले. ही माणसे आमच्याच गावी का आली? तर आमच्या भावकीतली एक लेक त्या गावात दिली आहे. तिने सासऱ्यांना सांगितले, सासऱ्यांनी सरपंचांना गाठले आणि गाड्या निघाल्या. म्हणजे मदत आली ती सोयरिकीवर! ज्या गावची लेक माळावर दिली नव्हती, त्या गावाने काय करायचे?

पुढची गोष्ट सांगायला जड जाते. त्या गावच्या सरपंचांनी ट्रॅक्टरचे डिझेल ग्रामपंचायतीच्या खात्यातून भरले होते. पुढे तपासणीत प्रश्न निघाला. दुसऱ्या गावच्या हद्दीत आपल्या गावचा पैसा कोणत्या ठरावाने खर्च केला? ठराव नव्हता. मागणीचे पत्र नव्हते. आमच्या गावची पोचपावतीही नव्हती, कारण गाळात उभे राहून पावती लिहायचे आम्हाला सुचले नाही. तपासणाऱ्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. कागद मागणे हे त्याचे कामच आहे. पण सरपंचांनी ती रक्कम पदरची भरली. आम्हाला हे कळले ते वर्षभराने, तेही लेकीच्या तोंडून. आम्ही वर्गणी काढून पैसे न्यायला गेलो, तर त्यांनी घेतले नाहीत.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. या खेपेला त्या गावाहून तीन ट्रॅक्टर आले, तेही घरचे. सरपंच म्हणाले, "तात्या, मन आहे. पण पंचायतीचं काही मागू नका. एकदा सोसलं."

सात ट्रॅक्टरचे तीन झाले. कागद नसल्याची किंमत ही अशी असते.

शहरांचे जमते, गावांचे का नाही?

त्याच २०२१ च्या जुलैत महाड आणि चिपळूण गाळात गेली, तेव्हा ठाणे, नवी मुंबई अशा महापालिकांनी सफाई कामगारांची पथके आणि यंत्रे पाठवली. महापालिकेत आयुक्त असतात, वाहनांचा ताफा असतो. एका आदेशावर गाड्या सुटतात. ग्रामपंचायतीकडे असते एक घंटागाडी, एक पाणीपुरवठ्याचा माणूस आणि एक कुलपातले कपाट. म्हणूनच ग्रामपंचायतीला ठरावाची आणि जोडीदाराची गरज जास्त.

देशात २००५ सालचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. याच कायद्याने ग्रामपंचायती, नगरपालिका यांसारख्या स्थानिक संस्थांनी आपली माणसे संकटासाठी तयार करावीत आणि साधनसामग्री वापरता येईल अशा स्थितीत ठेवावी, असेही सांगितले आहे. म्हणजे "कलेक्टरसाहेब बघतील" एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. साहेब बघतातच. सैन्य येते, एनडीआरएफ येते. पण शंभर गावे एकदम पाण्यात असली की पहिला दिवस गावाचा गावालाच काढावा लागतो. आणि सैन्य परत गेल्यावरचे तीन महिनेही गावालाच काढावे लागतात.

जपानी गावांचा पैरा

जपान हा भूकंपाचा देश. तिथल्या नगरपालिका एकमेकींशी संकटकाळच्या परस्पर मदतीचे करार आधी करून ठेवतात. ११ मार्च २०११ ला तिथे मोठा भूकंप झाला, त्सुनामी आली आणि फुकुशिमाचे अणुवीज केंद्र बिघडले. त्या केंद्राच्या उत्तरेला मिनामिसोमा नावाचे शहर आहे. समुद्राने एका बाजूने झोडपले आणि किरणोत्साराच्या भीतीने मालाच्या गाड्या शहरात यायला तयार होईनात. या शहराचा टोकियोतल्या सुगिनामी या विभागाशी आधीपासून करार होता. सुगिनामीच्या बसगाड्या निघाल्या. त्यांनी माणसे डोंगराकडच्या हिगाशी-आगात्सुमा या गावी नेली आणि तिथल्या सुगिनामीच्या विश्रामगृहात ठेवली. सुगिनामीशी करार असलेली ओजिया आणि नायोरो ही दूरची शहरेही या कामाला जोडली गेली. एकाचा जोडीदार तो सगळ्यांचा जोडीदार, असा हा प्रकार.

यातले ओजिया हे शहर २००४ साली स्वतः भूकंपात उद्ध्वस्त झाले होते. तेव्हा त्याने मदत घेतली. सात वर्षांनी त्याने दुसऱ्याच्या माणसांना आसरा दिला. याला पैरा नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

त्याच वेळी ओसाका, क्योतो, ह्योगो अशा पश्चिमेकडच्या प्रांतांच्या संघटनेने दोन-तीन दिवसांत वाटणी करून टाकली. या प्रांतांनी फक्त इवातेकडे बघायचे, त्यांनी मियागीकडे, उरलेल्यांनी फुकुशिमाकडे. त्यामुळे सगळी मदत एकाच ठिकाणी जाऊन पडली नाही, आणि कुठला भाग उपाशी राहिला तर जाब कुणाला विचारायचा हेही ठरले. शिवाय तीच तीच माणसे पुन्हा पुन्हा येत राहिल्यामुळे त्यांना गावाची माहिती झाली. आपल्याकडे रोज नवा पाहुणा येतो आणि रोज त्याला पहिल्यापासून सांगावे लागते: बंधारा कुठे, वस्ती कुठे, बाळंतीण कुणाच्या घरात.

जपानी लोकांकडे पैसा आहे, हे खरे. पण या सगळ्यात पैशापेक्षा आधी जोडी लावण्याचे महत्त्व होते. जोडी लावायला पैसा लागत नाही.

जोडीदार कुणाला करायचे?

वर सांगितल्याप्रमाणे काठावरच्या गावाने काठावरच्या गावाशी जोडी लावून भागणार नाही. आपला जोडीदार असा हवा, की जो आपल्याबरोबर बुडणार नाही. निसर्गाने आपल्या भागात ही सोय करूनच ठेवली आहे. वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ या बाजूला पूर. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, सांगोला या बाजूला दुष्काळ. २०१९ हे एकच वर्ष घ्या. उन्हाळ्यात माळाकडे जनावरांच्या छावण्या होत्या आणि पाण्याचे टँकर फिरत होते. ऑगस्टात इकडे घरांच्या माळ्यावर माणसे बसली होती. एकाचे संकट संपते तेव्हा दुसऱ्याचे सुरू होते. पैऱ्याला याहून चांगली जोडी कोणती?

आणि द्यायला आपल्याकडे काय आहे? पूर आला की माळाने ट्रॅक्टर, जेसीबी, माणसे द्यावीत, जनावरांना दावण द्यावी. दुष्काळ पडला की काठाने चारा द्यावा, टँकर भरून द्यावेत, दुभत्या जनावरांना रानात जागा द्यावी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने लातूरला गेले, हे आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. पहिल्या गाडीला दहा टँकर होते, एकेकात ५० हजार लिटर पाणी. पुढे पन्नास टँकरच्या गाड्या गेल्या. पाणी पाठवणारा भाग म्हणून आपल्याला त्याचा अभिमान वाटला. पण लातूरचे नळ त्याआधी कितीतरी दिवस कोरडे पडले होते. मदत मोठी होती, पण ती तहान लागल्यावर खणलेली विहीर होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. माळावरच्या माणसाच्या मनात आपल्याबद्दल एक सल आहे. नदीकाठी बारमाही ऊस, आणि आम्ही टँकरच्या रांगेत, असे तो म्हणतो. टेंभू, म्हैसाळ योजनांमुळे पाणी बऱ्याच ठिकाणी वर चढले आहे, तरी ही भावना गेलेली नाही, आणि ती अगदीच खोटीही नाही. अशा माणसाने २०१९ साली भाकरी बांधून घेऊन आपला गाळ उपसला. त्याच्या उन्हाळ्यात आपण काय बांधून नेले, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारावा. "पूर कधीतरी येतो, दुष्काळ नेहमीचा, मग आपल्यालाच जास्त द्यावे लागेल" असेही कुणी म्हणेल. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ हे दुष्काळ धरले, तर आपले तीन पूर आणि त्यांचे तीन दुष्काळ. हिशेब बरोबरीचाच आहे. आणि थोडे जास्त गेले, तरी पैऱ्यात कुणी घड्याळ लावून बसत नसे.

करारात काय असावे?

कागद दोन पानांचा पुरे. वकिली भाषा नको. पुढील गोष्टी मात्र असाव्यात.

१) बोलवायचे कुणी आणि कुणाला? सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले ग्रामसेवक) आणि पोलीस पाटील या तिघांपैकी कुणीही एकाने फोन केला तरी तो अधिकृत धरावा. लेखी पत्र मागाहून दोन दिवसांत. सरपंच बदलला तरी करार बदलू नये.

२) काय द्यायचे, याची यादी. ट्रॅक्टर-ट्रॉली, जेसीबी, पंप, जनरेटर, होडी, टँकर, शाळेच्या किती खोल्या, किती जनावरांची दावण. यादी दर वर्षी मृगाच्या आधी ताजी करावी. बंद पडलेला पंप यादीत असू नये.

३) खर्च. पहिल्या तीन दिवसांचा देणाऱ्या गावाचा. चौथ्या दिवसापासून डिझेल आणि मजुरी घेणाऱ्या गावाची, आधी ठरलेल्या दराने. रोजचे हजेरीपत्रक दोन्ही गावांच्या सहीचे. परतफेड चाऱ्याच्या रूपात चालेल. हे कलम असते, तर त्या सरपंचांना पदरचे भरावे लागले नसते.

४) राबताना कुणाला इजा झाली तर उपचार कुणी करायचे आणि विमा कुणी उतरायचा.

५) नाही म्हणण्याचा हक्क. आपलेच गाव संकटात असेल तर जोडीदाराने स्पष्ट नकार द्यावा, त्यात राग नसावा. आबांनी मला दिलेला नकार खरा होता, म्हणून आजही आमचे बोलणे आहे.

६) नंतरची मदत. पंचनामे, फॉर्म, बँकेचे कागद, वाहून गेलेली रेशनकार्डे, या कामांत बुडालेल्या गावचे कर्मचारी स्वतःच खचलेले असतात. जोडीदार गावाने लिहिणारी दोन माणसे महिनाभर द्यावीत. फावड्याइतकीच पेनाचीही गरज असते.

७) वर्षातून एक दिवस तालीम. दोन्ही गावांनी भेटावे, रस्ते बघावेत, एकत्र जेवावे. तेवढी इर्जिक चालेल!

कारखान्याने काय करावे?

कारखाना ही ग्रामपंचायत नव्हे, आणि त्याने ग्रामपंचायतीची जागा घेऊही नये. करार गावांचा गावांशी व्हावा. पण आपल्या कार्यक्षेत्रातली कितीतरी गावे कारखान्याच्या एका छताखाली बसतात, ही ताकद दुसऱ्या कुठल्या संस्थेकडे आहे? ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर जुलै-ऑगस्टमध्ये रिकामे उभे असतात. त्यांची गावनिहाय यादी शेतकी खात्याकडे तयारच असते. गट ऑफिसच्या माणसांना आणि चिटबॉयला प्रत्येक वस्तीची वाट ठाऊक असते. वर्कशॉपात होड्यांचे इंजिन आणि पंप दुरुस्त होऊ शकतात. चारा मोजायला वजनकाटा आहे. तो दोन्ही गावांसमोर करावा, म्हणजे बोलायला जागा राहणार नाही.

तेव्हा संचालक मंडळास नम्र विनंती, की मे महिन्यात काठावरच्या आणि माळावरच्या सरपंचांची एक बैठक कारखान्यावर बोलवावी, जोड्या लावून द्याव्यात आणि साक्षीदार म्हणून सही करावी. आणखी एक. या बैठकीत कुणाचे पॅनेल कोणते, हे बघू नये. पुराचे पाणी दारात आल्यावर मतदारयादी विचारत नाही. मदत गटातटाने वाटली गेली, तर पैरा पहिल्याच वर्षी मोडेल आणि त्यासोबत गावेही मोडतील. हे लिहिणे काहींना रुचणार नाही, पण आपल्याच घरच्या अंकात लिहायचे नाही तर कुठे?

सभासदांनी करायचे ते त्याहून सोपे आहे. १ मे रोजी ग्रामसभा आहे. नेहमीप्रमाणे कोरमपुरते जाऊन सही करून परत येऊ नका. विषयपत्रिकेत एक ठराव घालायला लावा. त्याचा नमुना असा:

"आपत्तीच्या प्रसंगी परस्परांस मनुष्यबळ, वाहने, चारा, पाणी व निवारा पुरविण्याबाबत अमुक ग्रामपंचायतीशी करार करण्यास, तसेच त्यासाठी येणारा खर्च करारातील दराने करण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे."

एवढी तीन ओळींची मंजुरी. मागच्या वेळी हीच नव्हती.

आपले वाडवडील शहाणे होते. एकट्याच्या एका बैलाने रान नांगरत नाही, हे त्यांनी ओळखले आणि पैरा काढला. पुढे एकट्याच्या उसाला भाव मिळत नाही, हे ओळखून त्यांनीच शेअर्स गोळा केले आणि कारखाने उभे केले. १९५० साली प्रवरेला ते घडले, तेव्हा शेतकऱ्याला कारखाना चालवता येईल यावर कित्येकांचा विश्वास नव्हता. सोसायटीच्या भिंतीवर तुकोबांचा अभंग रंगवून आपण थांबलो नाही. त्याचे पोटनियम केले, सभा घेतल्या, हिशेब ठेवले, म्हणून सहकार टिकला. गावागावांतल्या माणुसकीलाही आता पोटनियम हवे आहेत.

आमच्या गावापुरते सांगतो. माळावरच्या त्या गावाला आम्ही पत्र दिले आहे. सरपंच आता दुसरे आहेत. जुने सरपंच म्हणाले, "ठराव करून आणा, मग बघा सातच्या सात ट्रॅक्टर उभे करतो का नाही." १ मे ला आमच्या ग्रामसभेत हा विषय आहे. तुमच्या गावचे काय?

— एक ऊस उत्पादक सभासद